सावळा चेहरा काळा का छापायचा?

ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणं सोपं झालंय. तो कागदावर नीट उतरवणं मात्र आपण अजून मनावर घेतलेलं नाही.

तुमच्या आधार कार्डाची झेरॉक्स एकदा नीट बघा. नाव वाचता येतं, नंबर वाचता येतो. आणि चेहरा? एक काळा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके. ते डोळे असावेत बहुतेक. माणूस जितका सावळा, तितका डाग गडद. आपण हसतो, ‘अरे, हा मी आहे?’ म्हणतो आणि फॉर्मला जोडून टाकतो. फॉर्मचं काम होऊन जातं.

आता जरा विचार करा. एखाद्या माणसाचा कागदावर छापलेला एकुलता एक फोटो हाच असेल तर?

उगाच विचारत नाहीये. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की कशेळे लागतं. आजूबाजूच्या ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्यांसाठी हे बाजाराचं गाव. दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, रेशनची कागदं, सगळ्याच्या झेरॉक्स अशाच बाजारच्या गावात निघतात. वाडीवरच्या कितीतरी आजी-आजोबांचे फोटो सरकारी कागदावर आहेत, घराच्या भिंतीवर नाहीत. मग घरातलं कुणी गेलं की धावपळ सुरू होते. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतला नखाएवढा चेहरा कापायचा, नाहीतर आधारवरचाच फोटो मोठा करायचा, मागे निळं आकाश टाकायचं आणि फ्रेम करून आणायची. हार घालायचा तो त्याच फोटोला.

आणि याच कशेळ्यावरून दर शनिवार-रविवारी आपली गँग जात असते. पेठच्या किल्ल्याला, म्हणजे कोथळीगडाला जायचं तर आंबिवलीचा रस्ता इथूनच. खांडसवरून भीमाशंकर चढायचं तरी इथूनच. कॉलेजचं एनएसएसचं शिबिर असेल तर आठवडाभर मुक्कामच. जाता-येता आपण फोटो काढतो. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी मावशी, करवंदं विकायला बसलेली पोरं, ओटीवर बसलेले म्हातारबाबा. ‘काय सुरकुत्या आहेत यार!’ म्हणत फिल्टर ब्लॅक अँड व्हाइट करतो, कॉन्ट्रास्ट खेचतो आणि इन्स्टावर टाकतो. आपल्याला लाइक मिळतात. मावशीला काय मिळतं?

माझं म्हणणं एवढंच आहे. ज्याचा फोटो काढलात, त्याला त्याचा प्रिंट मिळायला हवा. आणि त्या प्रिंटमध्ये त्याचा चेहरा दिसायला हवा. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे आणि ती प्रिंटरच्या सेटिंगवर आणि कागदावर ठरते.

चेहरे उरतात ते कागदावर

कागदावरच्या चेहऱ्याची किंमत काय असते, हे कर्जत तालुक्याला वेगळं सांगायला नको. माथेरानचे भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानं १९४२च्या लढ्यात मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचा चेहरा आपण आजही ओळखतो, कारण त्यांचा फोटो मागे राहिला. त्या दस्त्यातल्या आणि त्यांना साथ देणाऱ्या बाकीच्या माणसांपैकी किती जणांचे चेहरे तुम्हाला आठवतात? आठवतील कसे? पाहिलेच नाहीत.

तेव्हा कॅमेरा दुर्मीळ होता. आज वाडीवरच्या पोराकडेही फोन आहे, मान्य. पण फोन पाण्यात पडतो, मेमरी भरते, नंबर बदलला की बॅकअप जातो. भिंतीवरचा फोटो चार्ज करावा लागत नाही.

‘नॉर्मल’ चेहरा कुणाचा?

झेरॉक्स मशीन काही कुणावर राग धरून नसतं. ते अक्षरांसाठी बनलेलं यंत्र आहे. कागद पांढरा, अक्षर काळं, एवढंच त्याला अपेक्षित. मधलं काही दिसलं की ते त्याला पांढऱ्याकडे तरी ढकलतं, नाहीतर काळ्याकडे. गोरा गाल पांढऱ्याकडे जातो, सावळा गाल काळ्याकडे.

फोटोच्या दुनियेतही असंच घडलेलं आहे. कोडॅक कंपनी रंग जुळवण्यासाठी लॅबना एक नमुना-कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. ‘शर्ली कार्ड’ म्हणून ते ओळखलं जाई. १९५०च्या दशकापासून कित्येक वर्षं लॅबवाले शर्लीचा चेहरा नीट आला की मशीन बरोबर आहे असं मानत. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे बिघडून आले तरी मशीन आपलं बरोबरच! वेगवेगळ्या वर्णांच्या चेहऱ्यांची कार्डं यायला पुढे बराच काळ जावा लागला.

मुद्दा असा, की मशीनची ‘डिफॉल्ट’ सेटिंग म्हणजे निसर्गाचा नियम नाही. ती कुणीतरी, कुणालातरी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते. तुमच्यासमोरचा चेहरा वेगळा असेल तर सेटिंग बदलायची. कशेळ्याच्या उन्हात लावणी केलेल्या बाईचा चेहरा डिफॉल्टवर सोडून देणं हा आळस आहे.

आणि हो, बदलायची म्हणजे गोरं करायचं असं अजिबात नाही. ते काम फोनचा ब्युटी मोड न सांगताच करतो, आणि ते तितकंच वाईट. सावळा चेहरा सावळाच राहू दे. फक्त त्या सावळेपणात कपाळ वेगळं, गालाचं हाड वेगळं, डोळ्याखालची सुरकुती वेगळी दिसू दे. हे जमतं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं ब्लॅक अँड व्हाइट काम शोधून पाहा. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या या फोटोग्राफरच्या फोटोंत गटार आहे, रात्र आहे, घाण आहे. पण माणूस त्यात बुडून जात नाही.

आधी रंग काढायचे कसे ते ठरवा

फोटो कलरमध्येच काढा. ब्लॅक अँड व्हाइट नंतर करा, आणि ते काम प्रिंटरवर सोडू नका. ‘सॅच्युरेशन शून्य’ हा सगळ्यात सोपा रस्ता, पण त्यात कुठला रंग किती उजळ दिसावा हे तुम्ही ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं.

आपली तपकिरी त्वचा लाल प्रकाश जास्त परत पाठवते आणि निळा कमी. म्हणून लाइटरूमच्या ‘ब्लॅक अँड व्हाइट मिक्स’मध्ये लाल आणि केशरी स्लायडर थोडे वर नेले की चेहऱ्यात जीव येतो. स्नॅपसीडमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ टूलमध्ये रंगीत फिल्टर मिळतात, तिथे केशरी लावून बघा. फार ताणू नका, नाहीतर ओठ फिके पडतात आणि आकाश वादळासारखं काळं होतं. उलट निळा फिल्टर लावून पाहा म्हणजे फरक कळेल. तोच चेहरा दोन-तीन छटांनी काळवंडतो. खूप जुन्या काळच्या फोटोच्या काचांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तेव्हाची सावळी माणसं फोटोत होती त्याहून काळी आली आहेत. आपल्या पणजोबांचा फोटो पाहून त्यांचा वर्ण ठरवू नका!

दुसरं, स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. फोनची स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. फुल ब्राइटनेसवर झकास दिसणारा फोटो छापल्यावर हमखास गडद येतो. एडिट करताना ब्राइटनेस निम्म्यावर आणा, मग शॅडो किती उचलायच्या ते ठरवा. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवलीत तर तिची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ३०० डीपीआयनं हिशेब केला तर जेमतेम सव्वापाच इंच. ८×१० इंचांच्या प्रिंटला २४००×३००० पिक्सेल हवेत. म्हणून फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या.

प्रिंटरला नीट सांगा

‘प्रिंट’चं बटण दाबण्याआधी एक खिडकी उघडते. आपण तिच्याकडे न बघता ‘ओके’ करतो. तिथेच सगळं बिनसतं.

पहिलं बघायचं ते ‘पेपर टाइप’. प्रिंटरला कागद दिसत नाही, तुम्ही सांगाल तो कागद तो खरा मानतो आणि त्या हिशेबानं शाई सोडतो. साधा कागद घालून ‘ग्लॉसी’ सांगितलंत तर शाईचा पूर येतो आणि सावल्यांचा चिखल होतो. ग्लॉसी कागद घालून ‘प्लेन’ सांगितलंत तर फोटो मरगळलेला येतो.

दुसरं ‘ग्रेस्केल’. घरगुती चार शाईंच्या इंक टँक प्रिंटरवर ही खूण केली की बरेच प्रिंटर फक्त काळी शाई वापरतात. रंगाची झाक येत नाही, हा फायदा. पण करड्या रंगाची वेगळी शाई नसल्यामुळे उजळ भागात काळे ठिपके मिरपूड टाकल्यासारखे दिसतात. खूण काढली तर निळसर, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून करडा रंग बनतो. ठिपके जातात, पण फोटोला हिरवट किंवा गुलाबी झाक येऊ शकते. तीही ट्यूबलाइटमध्ये एक आणि उन्हात दुसरी. काही प्रिंटरांची काळी शाई मुळात अक्षरांसाठी असते आणि ग्लॉसी कागदावर ती वापरलीच जात नाही, तिथे तर झाक टाळणं कठीणच. उपाय एकच. दोन्ही पद्धतींनी छोटे प्रिंट काढा, दारात उजेडात धरा आणि चेहरा ज्यात बरा दिसतो तो निवडा.

तिसरं ‘क्वालिटी’. ‘ड्राफ्ट’ नको, ‘हाय’ हवं. ‘हाय स्पीड’ची खूण असेल तर काढून टाका. वेळ जास्त लागेल. लागू दे.

चौथं, रंगांचा हिशेब एकानंच करायचा. फोटोशॉपमध्ये कागदाचं प्रोफाइल निवडलं असेल तर प्रिंटरच्या खिडकीतली रंगसुधारणा बंद करा. दोघांनी मिळून सुधारलं की फोटो बिघडलाच.

शहरातल्या चांगल्या प्रिंट लॅबमध्ये जाणार असाल तर गोष्ट सोपी होते. एप्सनच्या पी ७००सारख्या फोटो प्रिंटरमध्ये काळ्यासोबत ग्रे आणि लाइट ग्रे अशा वेगळ्या शाया असतात. त्यामुळे करड्याच्या पायऱ्या मऊ येतात. एप्सनच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ मोडमध्ये अनेक मॉडेलांत आधीपासून निवडलेला टोन असतो ‘डार्कर’. पुन्हा तेच डिफॉल्ट! लॅबवाल्या दादांना सांगा, ‘डार्क’वर एक छोटा प्रिंट काढून द्या. बघा, गालावरचा उजेड परत येतो की नाही.

आणि सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे चाचणीची पट्टी. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत एकवीस चौकोन काढा, पाच-पाच टक्क्यांनी वाढणारे. ती पट्टी तुमच्या कागदावर छापा. शेवटचे चार-पाच चौकोन एकमेकांपासून वेगळे दिसतात का? नसतील, तर तुमच्या फोटोतली तेवढी सगळी छटा त्या कागदावर एकच काळी होणार. सावळ्या चेहऱ्याची सावलीची बाजू नेमकी तिथेच राहते. मग तेवढ्या शॅडो उचलूनच मोठा प्रिंट काढा.

साधी झेरॉक्स काढतानाही एक गोष्ट करता येते. बहुतेक कॉपियरवर ‘टेक्स्ट’ आणि ‘फोटो’ असे वेगळे मोड असतात. दुकानदाराला म्हणा, ‘दादा, फोटो मोडवर काढा ना.’ एका बटणाचं काम आहे. आजीच्या दाखल्यावर आजी दिसेल.

कागद कोकणातल्या पावसाला विचारून घ्या

आता कागद. फोटोग्राफीच्या पुस्तकांत कागद निवडतात तो एसी गॅलरीसाठी. आपल्याला निवडायचाय तो अशा घरासाठी, जिथे चुलीचा धूर आहे आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आहे.

साधा ७०-८० जीएसएमचा कागद शाई पितो. काळा तिथे काळा राहत नाही, करडा होतो, आणि कागद लाटेसारखा वाकतो. मॅट फोटो पेपर देखणा असतो, हातात धरायला छान, पण त्याचा सगळ्यात गडद काळासुद्धा ग्लॉसीपेक्षा फिका. म्हणजे काळा आणि करडा यांच्यात जागा कमी, सावल्या दाटीवाटीनं बसतात. ग्लॉसीवर काळा खोल येतो, सावल्यांना जागा मिळते. पण चकाकी एवढी की खिडकीसमोर टांगला तर चेहऱ्याऐवजी खिडकीच दिसते, आणि बोटांचे ठसे वेगळेच.

वाडीवर द्यायच्या प्रिंटसाठी माझं मत सॅटिन किंवा लस्टर कागदाला. २००-२५० जीएसएमचा, दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ थर असलेला. काळा बऱ्यापैकी खोल, चकाकी कमी, ओलाव्यानं लगेच फुगत नाही, सहज फाटत नाही. शंभर टक्के कापसाचे रॅग पेपर किंवा बरायटा पेपर उत्तमच, पण ते प्रदर्शनासाठी ठेवा. महाग असतात आणि दमट हवेत बुरशीची काळजी घ्यावी लागते. शाई निवडता आली तर पिगमेंट निवडा. डाय शाईपेक्षा ती पाणी आणि उजेड जास्त सोसते.

कागद पावसाळ्यात उघडा ठेवू नका, मूळ पिशवीत बंद करून आडवा ठेवा. छापायची बाजू कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा. जी बाजू किंचित चिकटते ती छापायची. प्रिंट काढल्यावर एक दिवस मोकळा सुकू द्या. फ्रेम करताना काच थेट फोटोला टेकू देऊ नका, मध्ये पुठ्ठ्याचा माउंट घाला, नाहीतर दोन पावसाळ्यांत फोटो काचेला चिकटून बसेल. आणि इंकजेटचा ग्लॉसी कागद लेझर प्रिंटरमध्ये चुकूनही घालू नका. आतल्या उष्णतेनं त्याचा थर वितळतो आणि मशीनचं नुकसान होतं.

पण मावशीला रंगीत हवा असेल तर?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्लॅक अँड व्हाइट आपल्याला आवडतं. आपल्याला त्यात ‘डेप्थ’ दिसते. पण ठेवणीतलं लुगडं नेसून फोटोला उभ्या राहिलेल्या आजीला त्या लुगड्याचा रंग दिसायला हवा असेल, तर तिचं बरोबर आहे. म्हणून विचारा. ‘आजी, रंगीत देऊ का साधा?’ तिनं रंगीत म्हटलं तर रंगीत द्या. ब्लॅक अँड व्हाइट तुमच्या प्रदर्शनात लावा, तेही तिला विचारूनच.

खर्चाचं म्हणाल तर लॅबमधला ४×६चा प्रिंट साधारण वडापावच्या भावात होतो. ट्रेकला दहा जण गेलात आणि प्रत्येकानं दोन प्रिंट काढले तरी वीस माणसांना त्यांचे फोटो मिळतील. ‘पुन्हा तिकडे कोण जाणार?’ हाही प्रश्न येईल. अहो, तुम्हीच जाणार! पेठला काय आपण एकदाच जातो? नाहीच जमलं तर गावातल्या शाळेच्या पत्त्यावर पाकीट पाठवा. मागे पेन्सिलनं नाव, वाडी आणि तारीख लिहा. बॉलपेन दाबून लिहिलंत तर पुढे चेहऱ्यावर वळ उठतील.

शिबिराच्या अहवालात आपण लिहितो, ‘ग्रामस्थांशी संवाद साधला.’ त्या संवादातून आपण त्यांचे शंभर चेहरे घेऊन आलेलो असतो. त्यातले निदान दहा परत करू या, नीट छापून. पुढच्या वेळी कर्जतला उतरून कशेळ्याची एसटी पकडाल तेव्हा सॅकमध्ये पाण्याच्या बाटलीपासून लांब, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, ते पाकीट असू द्या.